सहा की दहा

कुरखेड्यात कुणाला हेडफोन घ्यायचा असला की तो आधी माझ्याकडे येतो. कारण साधं आहे. दिवसाचे सहा-सात तास मी कानांवर काहीतरी चढवून बसलेली असते. माझं काम मुलाखती ऐकून उतरवून काढण्याचं. कुणी प्रबंध लिहीत असतं, कुणी माहितीपट करत असतं, ते ध्वनिमुद्रणं पाठवतात आणि मी त्यातला शब्द न् शब्द टाइप करून परत पाठवते. बोलणारा माणूस आमच्या झाडीपट्टीतला असला, मध्येच गोंडी नाहीतर छत्तीसगढी शब्द टाकत असला, की पुण्या-मुंबईकडचे लोक अडतात. तिथे माझं पोट भरतं. गल्लीतली पोरं मला ‘कानवाली ताई’ म्हणतात.

येणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो. “ताई, कोणता चांगला आहे?” त्यावर माझाही प्रश्न ठरलेला. “ऐकायचं काय, आणि कुठं बसून?” हा प्रश्न कुणालाच आवडत नाही. त्यांना कंपनीचं नाव हवं असतं आणि किंमत. बॅटरी किती तास, बास किती, रंग कोणता, एवढं सांगितलं की माणूस खूश होऊन जातो. पण कानात घालायची वस्तू चपलेसारखी असते. दुसऱ्याच्या पायाला बसली म्हणून तुमच्या पायाला बसेलच असं नाही, आणि बांधीत घालायची चप्पल लग्नात चालत नाही.

माझं स्वतःचं आधी सांगून टाकते, कारण त्यात फार काही नाही. मी वायरचा, कानावरून बसणारा हेडफोन वापरते. २०१६ साली ॲपलने आयफोनमधलं हेडफोनचं भोक काढून टाकलं आणि बघता बघता बहुतेक कंपन्या त्याच वाटेने गेल्या. आता आमच्या आठवडी बाजारातसुद्धा पांढऱ्या डबीतले बिनवायरचे बड्स टोपलीत मांडलेले असतात आणि वायरवाला मागणारा माणूस जुन्या जमान्यातला ठरतो. ठरो. एका शब्दासाठी मला दहादा मागे जावं लागतं. ब्लूटूथमध्ये आवाज आधी आकडे होऊन हवेतून जातो, मग कानाजवळ पुन्हा आवाज होतो, आणि या खटाटोपात सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा सहज जातो. गाणं ऐकताना ते कळतही नाही. उतरवून काढताना मात्र बटण दाबलं आणि शब्द उशिरा आला की काम पायात घोटाळतं. शिवाय इथे वीज जाते, पावसाळ्यात तर जास्तच. वायरला चार्जिंग लागत नाही. बड्समधली बॅटरी चण्याएवढी. दोन-तीन वर्षांत ती थकली की आख्खी वस्तू फेकायची, कारण ती उघडून देणारा कारागीर कुरखेड्यात नाही आणि वडशातही मला सापडलेला नाही. कानाच्या आत खोचायचे बड्स मी एवढे तास घालतही नाही. दमट हवेत कान सतत बंद राहिला की आत बुरशी धरते, आणि त्या खाजेला औषधाच्या थेंबांशिवाय उपाय नसतो.

गेल्या वर्षी माझा चुलतभाऊ आला. तो वडशाच्या एका दुकानात कामाला आहे, रोज मोटारसायकलने जाऊन-येऊन करतो. त्याला ‘नॉइज कॅन्सलिंग’वाले हवे होते. “गाडीचा आवाज बिलकुल येत नाही म्हनते ताई.”

ही करामत मोठी सुंदर आहे, हे मान्य करायला हवं. १९७८ साली अमर बोस नावाचे प्राध्यापक झ्युरिकहून विमानाने अमेरिकेला परतत होते. वडील बंगालचे, स्वातंत्र्याच्या चळवळीपायी देश सोडून गेलेले. विमानात मिळालेल्या हेडफोनमधून इंजिनाच्या घरघरीपलीकडे काही ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तिथेच बसून आकडेमोड सुरू केली. बाहेरचा आवाज छोट्या माइकने पकडायचा, त्याची बरोबर उलटी लहर तयार करून कानात सोडायची. चढाला उतार मिळाला की दोन्ही मिटतात. कल्पनेचं बाजारातलं हेडसेट व्हायला पुढे अकरा वर्षं लागली, आणि ते आधी वैमानिकांसाठी निघालं. ही युक्ती सगळ्या आवाजांवर सारखी चालत नाही. एका लयीत चालणारी खालच्या पट्टीतली घरघर ती छान खाते. इंजिन, पंखा, रेल्वेचा डबा. अचानक झालेला, वरच्या पट्टीतला आवाज तिला तेवढा पकडता येत नाही, पण कानात घट्ट बसलेला रबरी बोळा त्याचंही काम निम्मं करून टाकतो.

रेल्वेसाठी मी स्वतः हे बड्स घ्यायला सांगते. वडशाहून गोंदियाकडे जाताना डब्यात एवढा गलका असतो की गाणं ऐकू यावं म्हणून पोरं आवाज चढवत चढवत शेवटच्या काडीपर्यंत नेतात. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास असा आहे. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला दहा, आणि ९५ च्या पुढे गेलात की आठवड्याचा सगळा वाटा जेमतेम तासाभरात संपतो. बाहेरचा गलका कमी झाला तर आतला आवाजही खाली ठेवता येतो. तिथे नॉइज कॅन्सलिंग म्हणजे कानाचं रक्षणच.

पण भावाचा रस्ता रेल्वेचा नाही, जंगलाचा आहे. मागून येणारा ट्रक नेमका खालच्या पट्टीत घरघरत येतो, म्हणजे बड्सवाल्या माणसाला तो सगळ्यात शेवटी कळणार. अमेरिकेत २००४ ते २०११ या काळातल्या, हेडफोन लावून चालणाऱ्यांच्या ११६ अपघातांच्या नोंदी कुणी एकत्र केल्या होत्या. त्यांतले निम्म्याहून जास्त रेल्वेखाली सापडलेले होते. एवढी मोठी रेल्वे, तीही ऐकू आली नाही. आणि आमच्या रस्त्यावर ट्रक ही तर सगळ्यात सभ्य वस्तू.

ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगढकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात आला आणि परत जायचं नावच घेईना. कोरची, कुरखेडा, धानोरा, वडसा या पट्ट्यात तो फिरत राहिला. धान उभं असताना बांधीत, कापणी झाली की पुंजण्यांवर. त्याआधी इथल्या कुणाच्या आज्यानेही हत्ती रानात बघितला नव्हता. वाघाचं भय जुनं, हत्तीचं नवं. वडसा वनविभागात पकडलेल्या सीटी-१ वाघाने गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून १३ माणसं मारली होती; ऑक्टोबर २०२२ मध्ये तो जेरबंद झाला तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायाही रात्री दार लोटून झोपायला लागल्या होत्या.

लोकांना वाटतं एवढा मोठा हत्ती चालतो तर धरणी हादरत असेल. तसं होत नाही. त्याच्या तळव्यात गादीसारखी चरबी असते, पाऊल पडलेलं कळत नाही. कळतो तो बांबू. कडाड करून एक मोडतो, मग थोडा वेळ काही नाही, मग दुसरा. हत्ती एकमेकांशी जे बोलतात त्यातलं पुष्कळसं तर आपल्या कानाच्या पट्टीखालीच असतं. १९८४ मध्ये कॅटी पेन नावाच्या बाईंना अमेरिकेतल्या एका प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्याजवळ उभं असताना हवा थरथरल्यासारखी वाटली, तेव्हा ते पहिल्यांदा ध्यानात आलं. म्हणजे हत्तीच्या बाबतीत आपण मुळातच अर्धे बहिरे. उरलेल्या अर्ध्यात रबरी बोळा कोंबायचा?

भावाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मग मी एकाच कानात घालतो.”

सगळे हेच म्हणतात. पोलीस दिसला की दोन्ही काढतात, रस्ता मोकळा असला की एक घालतात. पण दोन कान देवाने जोडी शोभावी म्हणून दिलेले नाहीत. आवाज उजवीकडून आला तर उजव्या कानाला तो आधी मिळतो. किती आधी? सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तेवढ्या फरकावर मेंदू दिशा सांगतो. पुढून आला की मागून, ते कानाच्या पाळीच्या घड्यांवरून कळतं. एक कान बुजवला की आवाज ऐकू येतो, पण कुठून ते कळत नाही. शहरात हे चालून जाईल. रानात बांबू मोडल्याचं कळलं आणि कोणत्या बाजूला ते कळलं नाही, तर माणूस पळणार कुठे? बड्समध्ये बाहेरचं ऐकू देणारी सोय असते, तिला ते ‘ट्रान्सपरन्सी’ म्हणतात. पण मोटारसायकलच्या वाऱ्यात तिच्या माइकमध्ये नुसता फरफराट होतो.

माझी आत्या मार्च लागला की पहाटे मोहफुलं वेचायला जाते. फुलं रात्रीतून गळतात, उजाडायच्या आत गेलं तर ती ताजी मिळतात, नाहीतर गुरं आणि हरणं खाऊन जातात. वेचणारी बाई तासन् तास वाकलेली असते, डोळे जमिनीवर. तिला राखतो तो फक्त कान. वानर खेकसलं की ती टोपली ठेवून ताठ उभी राहते. चितळाची हाक वेगळी, भेकराचं भुंकणं वेगळं, आणि सगळं रान एकदम गप्प झालं तर ते सगळ्यात वाईट. गेल्या हंगामात तिच्याबरोबर जाणाऱ्या दोन पोरी मोबाइलवर गाणी लावून कानात बड्स घालून वेचायला लागल्या. आत्या त्यांना म्हणाली, “पोट्ट्यांनो, गाना आयकाचा असन त आमाले बी आयकवा, मोठ्यानं लावा.” मला हे शहाणपण कुठल्याही उत्पादनाच्या माहितीपत्रकात वाचायला मिळालेलं नाही. मोठ्याने वाजणारा मोबाइल माणूस असल्याची खबर देतो. कानातला फक्त वेचणारीला बहिरं करतो.

भावाला शेवटी मी हाडातून ऐकवणारा हेडफोन सुचवला. तो कानात जात नाही, गालाच्या हाडावर बसतो, हाड थरथरतं आणि ते थरथरणं थेट आतल्या कानापर्यंत जातं. कान उघडाच राहतो. गाणं पातळ लागतं, ढोलकीचा ठोका भरत नाही. किंमतही जास्त. त्याने बोट नावाच्या कंपनीचे साधे बड्स घेतले आणि मला सांगितलं की फक्त दुकानात घालतो. खरं-खोटं त्याला ठाऊक. आता तो घरी पोचल्यावर काकू मला फोन करून सांगते, हे मात्र नवीन सुरू झालं आहे.

खरा पेच बाबांचा होता.

बाबांनी अठ्ठावीस वर्षं भातगिरणीत मशीन चालवलं. गिरणीत उभं राहून बोलायचं तर समोरच्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमात आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, पण छोट्या गिरणीत ते मोजणार कोण? बाबा कापसाचा बोळा घालत. कापसाने भुसा अडतो, आवाज नाही. कानात आत शंखासारखी नळी असते, तिच्यात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. एकेका कानात पंधरा हजारांच्या आसपास. गोंगाटाने त्या झडतात आणि माणसाच्या कानात त्या परत उगवत नाहीत. आधी झडतात त्या ४००० हर्ट्झच्या अवतीभवतीच्या, वरच्या पट्टीच्या. गिरणीवाला, लोहार, बॅन्डवाला, सगळ्यांच्या तपासणीच्या कागदावर तोच खड्डा त्याच जागी दिसतो.

आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजनं नेमकी त्या खड्ड्यात राहतात. स्वर खाली राहतात, जोरकस असतात, ते ऐकू येतात. म्हणून बाबांना बोलणं ऐकू यायचं, पण त्याच्या कडा गेलेल्या. “आवाज येते, बोल समजत नाई,” असं ते म्हणायचे, आणि यापेक्षा नेमकं वर्णन मी डॉक्टरांकडूनही ऐकलेलं नाही. धान विकायला गेले तेव्हा समोरचा सहा म्हणाला की दहा, यावरून त्यांचं भांडण झालं. दोन्हीतून ‘स’ आणि ‘द’ काढून बघा, उरतं ते एकच. त्या दिवसानंतर हिशोबाच्या जागी बाबा एकटे जाईनात. पुढे चहाच्या टपरीवरही जाईनात. लोक हसले की हसायचं आणि गप्प झाले की गप्प व्हायचं, याचा त्यांना शीण यायचा. मग नाटकंही सुटली.

झाडीपट्टीतल्या माणसाचं नाटक सुटणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगणं कठीण आहे. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक. दहा-साडेदहाला पडदा उघडतो आणि पहाटे पडतो. वडसा ही या नाट्यमंडळांची राजधानी. आणि आमच्याच तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली याच रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली. बाबांनी पाऊण जन्म अशा रात्री काढल्या. स्पीकर तर एवढे की पोटात दणका बसावा. तरी बाबा अर्ध्यातून उठून यायचे. आवाज कमी नव्हताच. आवाज ही त्यांची अडचण कधीच नव्हती.

तेव्हा ज्याने-त्याने मला सांगितलं, “बाबाले चांगला ब्लूटूथ घेऊन दे.” त्यात अगदी तथ्य नव्हतं असं नाही. मोबाइलचा माइक आवाज पकडतो, वाढवून कानात देतो, अशी ॲप्स आहेत. गूगलचं आहे, फुकट आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ॲपलच्या बड्सना श्रवणयंत्रासारखं वापरायला मंजुरीही दिली. ती सोय तेव्हा भारतात चालू नव्हती, म्हणून बेंगळुरूच्या काही तरुणांनी आजीसाठी बड्स अशा पेटीत ठेवले की त्यांना आपण अमेरिकेत आहोत असं वाटावं. ती बातमी मी बाबांना वाचून दाखवली, मोठ्याने, ‘स’वर जोर देऊन.

आम्ही घरी ॲप करून बघितलं. आधी भाच्याच्या बिनवायरच्या बड्सवर. आई बोलली की बाबांना ती दोनदा ऐकू यायची. एकदा उरल्यासुरल्या कानाने आणि मग बड्समधून उशिराने. विहिरीत बोलल्यासारखं. बाबांनी ते काढून ठेवले. मग शंभर रुपयांची वायर लावली, तेव्हा ती गडबड गेली आणि आईचा ‘स’ थोडा परत आला. टीव्ही बघायला ते चालून गेलं. बाजारात मात्र फोन हातात धरून समोरच्याच्या तोंडाजवळ न्यायचा म्हणजे पत्रकारासारखं दिसतं, आणि ऐकू येणारं सगळंच वाढतं, भांडीसुद्धा.

बाबांची बड्सला पसंती होती त्याचं कारण वेगळं होतं. “हे पोट्टे बी घालते. मशीन घातली का लोक म्हनन, म्हातारा बहिरा झाला.” कानात काही घातलेला तरुण शौकीन आणि म्हातारा बहिरा. चष्म्याचं असं होत नाही. चष्मा लावला की माणूस शिकलेला दिसतो. या एका गोष्टीपुढे मी किती हर्ट्झ आणि किती डेसिबल सांगणार होते?

नागपूरला ऑडिओलॉजिस्टकडे गेलो तेव्हा तिने बाबांना नुसतं ‘बीप’ ऐकवून सोडलं नाही. ओठ झाकून शब्द म्हटले आणि परत म्हणायला लावले. बाबा पन्नासात निम्मेच चुकले, पण चुकले ते सगळे एकाच जातीचे. तिने कागदावरचा खड्डा दाखवला आणि म्हणाली, “काका, तुमचा कान बहिरा नाही, चाळणीची काही भोकं बुजलीत. यंत्र तेवढ्याच भोकांना जोर देईल, बाकीच्यांना हात लावणार नाही.” चाळणी म्हटल्यावर गिरणीवाल्या माणसाला सगळं कळलं. पाखडणं, निवडणं, कणी वेगळी, तांदूळ वेगळा. ते उठून बसले आणि किंमत विचारली. दोन कानांची मिळून माझी चार महिन्यांची कमाई होती. आम्ही घेतली. मी बिनवायरच्या वस्तूवर केलेला सगळ्यात मोठा खर्च तो.

पहिले आठ दिवस घरात कुणाला सुख नव्हतं. प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज त्यांना सहन होईना, पापड खाता येईना. दुसऱ्या दिवशी अंगणात चार पावलं चालून ते थांबले, परत चालले, परत थांबले. “माही चप्पल एवढी वाजते का वं?” मेंदूला वर्षानुवर्षं न आलेली टपाल एकदम यायला लागली होती, ती लावून ठेवायला त्याला दीड महिना लागला. अजूनही चार माणसं एकदम बोलली की ते गोंधळतात, आणि गर्दीत यंत्र काढून खिशात ठेवतात.

गेल्या मंडईत आम्ही नाटकाला गेलो. जागा मी निवडली. स्पीकरपासून लांब, पण रंगमंचाच्या अगदी जवळ, कडेला, जिथून नटांचे ओठ दिसतील. बाबा पहिला अंक गप्प होते. दुसऱ्या अंकात नायक एका लांब भाषणात अडकायला लागला आणि बाबा माझ्याकडे वाकून त्याची वाक्यं मला आधीच सांगू लागले. आईला वाटलं नाटक त्यांना पाठ आहे. मला वाटलं ओठ वाचताहेत, पण नायक तर अजून बोललाच नव्हता. मग माझ्या ध्यानात आलं. आतून प्रॉम्प्टर कुजबुजत होता. कुजबुजीत घशाचा आवाज नसतो, नुसती हवा असते, सगळी वरच्या पट्टीची.

“हळू बोला जी,” मी म्हटलं, “बाजूचे लोक आयकून रायले.”

“त्याले सांग ना हळू बोलाले,” बाबा म्हणाले, “मघापासून वटवट करून रायला.”